हाडाच्या फोटोचा फोटो



आपल्याकडे एक्स-रेला सहसा कुणी एक्स-रे म्हणत नाही. ‘सासूबाईंच्या पायाचा फोटो काढला’, ‘पोराच्या छातीचा फोटो काढून आणलाय’, असंच आपण बोलतो. आज मला या फोटोच्या फोटोबद्दल बोलायचं आहे. म्हणजे काय, तर तालुक्याला काढलेली एक्स-रेची ती काळी फिल्म साध्या कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने टिपायची आणि लांबच्या डॉक्टरांकडे पाठवायची. काम दिसायला सोपं आहे. मलाही तसंच वाटलं होतं. ते चुकलं की काय होतं, ते आधी सांगते. चूक माझीच आहे, त्यामुळे सांगायला कुणाची परवानगी नको.

तीन वर्षांपूर्वीचा श्रावण. आमची वाडी कोयनेच्या पाण्याकाठी, रस्त्यापेक्षा लाँच जवळची. सासूबाईंचं वय तेव्हा एकाहत्तर. न्हाणीच्या बाहेर शेवाळलेल्या फरशीवर त्यांचा पाय सरकला आणि त्या डाव्या कुशीवर पडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना लाँचने, मग वडापने तालुक्याला नेलं. तिथे खुब्याचा फोटो काढला. तिथले डॉक्टर म्हणाले, “मोडलेलं स्पष्ट दिसत नाही, पण मला शंका आहे. हाडाच्या डॉक्टरांना दाखवा.” हाडाचे डॉक्टर तिथे आठवड्यातून एकदाच यायचे, आणि तो दिवस कालच होऊन गेलेला. शेवटची लाँच चुकेल म्हणून आम्ही फिल्म घेऊन घरी परतलो.

माझा मामेभाऊ पुण्यात एका हाडाच्या डॉक्टरांकडे काम करतो. तो फोनवर म्हणाला, “वहिनी, फिल्मचा फोटो काढून पाठव, मी सरांना दाखवतो.” दिवस मावळत आला होता. मी फिल्म खिडकीला टेकवली, घरातली ट्यूब लावली, मोबाइलचा फ्लॅश चालू ठेवला आणि एक फोटो काढला. टेकाडावर जाऊन रेंज मिळाली तसा पाठवला आणि खाली आले. काम झालं असं समजून सासूबाईंना म्हटलं, “डॉक्टर बघतील आता.”

डॉक्टरांनी त्याच रात्री पाहिला. त्यांचं उत्तर असं होतं: “खिडकीचे गज दिसतात, हाड दिसत नाही. पुन्हा काढा. तोपर्यंत आजींना पाय टेकू देऊ नका.” हे उत्तर मी वाचलं दोन दिवसांनी, कारण मी टेकाडावर गेलेच नाही. त्या दोन दिवसांत सासूबाई काठी टेकत, भिंत धरत मोरीपर्यंत जात होत्या. तिसऱ्या दिवशी पहाटे त्या एकदम ओरडल्या. बघितलं तर डावा पाय आखूड झालेला आणि बाहेरच्या बाजूला वळलेला.

चार माणसांनी त्यांना झोळीत घालून लाँचपर्यंत नेलं. शस्त्रक्रिया झाली. खुब्यातला हाडाचा गोळा काढून तिथे धातूचा बसवावा लागला. नंतर डॉक्टरांनी तीच पहिली फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून मला दाखवली. हाडाच्या मानेवर एक बारीक रेघ होती. त्यांनी स्वतःच्या मोबाइलने तिथल्या तिथे तिचा फोटो काढला, आणि त्या फोटोतही ती रेघ दिसत होती. ते म्हणाले, “हाड जागचं हललं नसतं, तर बहुतेक स्क्रूवर भागलं असतं.” ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. सासूबाई आज काठी घेऊन हिंडतात, शेळ्यांना पाला घालतात. पण फिल्म तीच, आणि तरी एका फोटोत हाड दिसलं आणि दुसऱ्यात गज दिसले, हे माझ्या मनातून गेलं नाही. मग मी ते नीट शिकून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगते.

फिल्मवर काय असतं?

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत विल्हेल्म राँटगेन या शास्त्रज्ञाला हे किरण सापडले. ते कसले, हे त्याला कळेना. गणितात जे माहीत नाही त्याला आपण ‘क्ष’ म्हणतो, म्हणून हे क्ष-किरण. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने आपल्या बायकोच्या, ॲना बर्थाच्या, हाताचं चित्र काढलं. बोटांची हाडं आणि त्यावर अंगठी, असं ते चित्र जगभर गाजलं. म्हणजे माणसाच्या शरीराच्या पहिल्यावहिल्या एक्स-रेंपैकी एक बाईच्या हाताचा आहे.

हे किरण मांसातून सहज पार जातात. हाडात चुना असतो, तो त्यांना अडवतो. किरण जिथे फिल्मपर्यंत पोचतात तिथे फिल्म काळी होते, जिथे अडतात तिथे ती पांढरी राहते. म्हणून हाड पांढरं दिसतं. फुप्फुसात हवा असते, म्हणून ते काळं दिसतं. हृदय आणि मांस राखाडी दिसतं. हाडाला तडा गेला, की बहुतेक वेळा पांढऱ्यामध्ये काळसर रेघ दिसते. फुप्फुसात पाणी किंवा जंतुसंसर्ग असला, की काळ्या जागेत पांढुरका डाग दिसतो. डॉक्टर वाचतात ते हे काळं, पांढरं आणि त्यांच्या मधल्या राखाडी छटा.

आता जुन्या लुगड्याची विरलेली जागा शोधायची तर आपण काय करतो? ते उजेडाकडे धरतो. उजेड मागून यावा लागतो. फिल्मचंही तसंच आहे. ती आरपार पाहायची वस्तू आहे. समोरून फ्लॅश मारला तर उजेड फिल्मच्या चकचकीत अंगावर आपटून परत येतो आणि फोटोत एक पांढरा ठिपका उमटतो. माझ्या फोटोत हा ठिपका नेमका खुब्यावर पडला होता. शिवाय घरातल्या ट्यूबचं प्रतिबिंब, माझ्या साडीचं प्रतिबिंब आणि मागचे गज. हाड बिचारं या सगळ्यांच्या मागे लपलं.

स्वस्त कॅमेरा चालतो का?

चालतो, आणि हे आजचं नाही. मोबाइलमध्ये चांगले कॅमेरे येण्याच्या आधीची गोष्ट सांगते. बांगलादेशात ढाक्याजवळ साभार इथे पक्षाघात झालेल्या, पाठीचा कणा मोडलेल्या रुग्णांचं एक केंद्र आहे. व्हॅलरी टेलर या ब्रिटिश फिजिओथेरपिस्ट बाईंनी ते १९७९ साली सुरू केलं. प्रत्येक विषयाचा तज्ज्ञ तिथे कुठून मिळणार? इंग्लंडमध्ये लॉर्ड आणि लेडी स्विनफेन या नवराबायकोने १९९८ साली एक धर्मादाय संस्था काढली होती. तिने १९९९ च्या जुलैत या केंद्राला एक डिजिटल कॅमेरा आणि तिवई दिली. केंद्रातले लोक रुग्णाचा आणि एक्स-रे फिल्मचा फोटो काढायचे, सोबत माहिती लिहायचे आणि ईमेलने पाठवायचे. इंग्लंड आणि नेपाळमधले तज्ज्ञ उत्तर द्यायचे.

पहिल्या वर्षात असे २७ रुग्ण विचारले गेले. प्रत्येक वेळी पहिलं उत्तर तीन दिवसांच्या आत आलं, आणि २४ रुग्णांना त्याचा उपयोग झाला. कुणाचं निदान पक्कं झालं, कुणाचा उपचार बदलला, कुणाला नुसता धीर मिळाला. त्यांच्याकडे महागडं यंत्र नव्हतं. फोटो कसा काढायचा आणि सोबत काय लिहायचं, याची शिस्त होती.

थोडा हिशोब करू. छातीची मोठी फिल्म साधारण १४ बाय १७ इंच, म्हणजे लांबीला सुमारे ४३ सेंटिमीटर. दोन मेगापिक्सेलच्या जुन्या कॅमेऱ्यात फोटोच्या लांब बाजूला १६०० ठिपके असतात. ४३ सेंटिमीटर १६०० ठिपक्यांत वाटले, तर एक ठिपका पाव मिलिमीटरहून थोडा मोठा होतो. त्याहून बारीक काही असेल तर ते हरवतं. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलमध्ये लांब बाजूला ४००० ठिपके असतात, म्हणजे एक ठिपका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. पण हा हिशोब फिल्मने सगळी चौकट भरली तरच खरा. फिल्म मध्ये छोटीशी आणि भोवती भिंत, कॅलेंडर, देव्हारा असा फोटो काढला, तर निम्मे ठिपके कॅलेंडरवरच खर्च होतात.

गटाच्या कपाटात एखादा जुना डिजिटल कॅमेरा पडून असेल, तर तो बाहेर काढा. त्याला बहुधा तिवई लावता येते आणि खरा झूम असतो. नसेल तर मोबाइल पुरे.

फोटो काढायची रीत

पहिली गोष्ट, मागचा उजेड. आरोग्य केंद्रात फिल्म पाहायची पेटी असते, पुढे दुधी काच आणि आत ट्यूब. ती वापरायला मिळाली तर उत्तम. नसेल तर गटाने एक पेटी करून घ्यावी. प्लायची उथळ पेटी, आतून पांढरा रंग, आत दोन एलईडी ट्यूब, वर दुधी ॲक्रिलिकचा पत्रा. पत्रा १४ बाय १७ इंचांहून थोडा मोठा हवा. वायरिंग मात्र वायरमनकडूनच करून घ्या. पेटी नसेल तर दिवसा खिडकीवर पांढरं धुतलेलं धोतर किंवा चादर ताणून बांधा आणि फिल्म त्यावर लावा. कापड दुहेरी असलं की गज दिसत नाहीत. थेट ऊन येणारी खिडकी नको, ढगाळ आभाळाचा मऊ उजेड चांगला. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडून त्यावरही फिल्म धरता येते. मध्ये बटर पेपर ठेवा, नाहीतर पडद्याची जाळी फोटोत उतरते.

दुसरी गोष्ट, बाकीचा उजेड बंद. खोलीतली ट्यूब, दिवा, टीव्ही बंद. फिल्मच्या कडेने येणारा उजेड काळ्या कागदाने झाकून टाका. कडेचा झगझगीत उजेड दिसला की कॅमेरा फसतो आणि फिल्म आणखी काळी टिपतो. फोटो काढणारीने शक्यतो गडद रंगाचे कपडे घालावेत, म्हणजे तिचं प्रतिबिंब पडत नाही. आणि फ्लॅश बंद. हे मी दोनदा सांगते. फ्लॅश बंद.

तिसरी गोष्ट, फिल्म सुलट. फिल्मवर नाव, तारीख आणि डावं-उजवं दाखवणारं इंग्रजी अक्षर असतं, डाव्यासाठी ‘एल’, उजव्यासाठी ‘आर’. अक्षरं आपल्याला सरळ वाचता आली पाहिजेत. फिल्म उलटी लावली तर डावा गुडघा उजवा होतो आणि हृदय उजवीकडे जातं. मोबाइलचा पुढचा, सेल्फीचा कॅमेरा वापरू नका, काही मोबाइलमध्ये तो आरशासारखं उलट टिपतो.

चौथी गोष्ट, कॅमेरा सरळ आणि स्थिर. फिल्मच्या बरोबर मध्यासमोर कॅमेरा धरा. वरून किंवा तिरका धरला तर फिल्म एका बाजूला निमुळती होते आणि हाडाचा आकार बदलतो. हात हलतो, म्हणून कॅमेरा स्टुलावर, डब्यांच्या चळतीवर टेकवा. टायमर लावला तर बटण दाबतानाचा धक्काही बसत नाही. डिजिटल कॅमेऱ्यावर छोट्या फुलाची खूण असते. ती जवळच्या वस्तूसाठी आहे, ती निवडा. मोबाइलवर हाडाच्या जागी बोट टेकवा, म्हणजे तो तिथे नजर स्थिर करतो. बोटांनी पडदा ताणून मोठं करू नका, त्याने नवीन काही दिसत नाही, चित्र फक्त फाटतं. एलईडीवर कधीकधी फोटोत आडवे पट्टे येतात. ते दिसले तर दिवा बदला किंवा दिवसाच्या उजेडात काढा.

पाचवी गोष्ट, एकावर थांबू नका. फिल्ममध्ये जेवढ्या छटा असतात तेवढ्या कॅमेऱ्याला एका फोटोत पकडता येत नाहीत. म्हणून तीन काढा. एक जसा येतो तसा, एक थोडा उजळ, एक थोडा गडद. कॅमेऱ्यावर अधिक-उणे अशी खूण असते, मोबाइलवर बोट टेकवल्यावर बाजूला सूर्याची खूण येते, ती वर-खाली सरकवायची. आधी पूर्ण फिल्म, चारही कोपरे दिसतील अशी. मग दुखऱ्या जागेचा जवळून एक. हाडाच्या दोन फिल्म असतील, एक समोरून आणि एक बाजूने, तर दोन्ही पाठवा. समोरून सरळ दिसणारं हाड बाजूने पाहिलं तर सरकलेलं असू शकतं.

आणि आता परीक्षा. काढलेला फोटो मोठा करून पाहा. फिल्मवरची बारीक अक्षरं तुम्हाला वाचता आली, तर फोटो नीट आला. नाही आली, तर पुन्हा काढा. हाड समजायला डॉक्टर लागतो, पण अक्षर वाचता येतं की नाही हे आपल्यापैकी कुणालाही सांगता येतं.

पाठवताना व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो टाकला की तो दाबून लहान केला जातो. म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आणि एक महत्त्वाचं. हल्ली बऱ्याच ठिकाणी एक्स-रे मुळातच संगणकावर निघतो. तिथे विचारा, “ताई, याची सीडी किंवा फाइल मिळेल का?” मूळ फाइल मिळाली तर फोटोचा फोटो काढायची गरजच नाही.

सोबत काय लिहायचं?

नुसता फोटो म्हणजे पत्ता नसलेलं पत्र. सोबत हे लिहा: रुग्णाचं नाव, वय, बाई की पुरुष. काय झालं आणि केव्हा. कुठे दुखतं, डावीकडे की उजवीकडे. हात-पाय मोडला असेल तर बोटं हलतात का, गरम आहेत का, मुंग्या येतात का. छातीचा फोटो असेल तर खोकला किती दिवस, ताप, वजन घटलं का, थुंकीतून रक्त पडतं का. मधुमेह, रक्तदाब, दम्याची औषधं चालू आहेत का, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का. बाई गरोदर असेल तर ते. एक्स-रे कुठल्या तारखेचा. जुनी फिल्म असेल तर तिचाही फोटो. आणि शेवटी तुमचा प्रश्न एका वाक्यात: “यांना आजच हलवायला हवं का?”

त्याखाली दोन फोन नंबर आणि रेंज केव्हा मिळते ती वेळ. फोटो पाठवणारीने उत्तर येईपर्यंत दर दोन-तीन तासांनी रेंजमध्ये जाऊन पाहायचं, किंवा रेंजमध्ये राहणाऱ्या कुणाला तरी ते काम वाटून द्यायचं. माझं अर्धं नुकसान फोटोने केलं, अर्धं टेकाडावर न गेल्याने.

कुणाला पाठवायचं?

ओळखीचा डॉक्टर नसला तरी अडत नाही. आपल्या उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात. केंद्र सरकारची ई-संजीवनी ही मोफत सेवा २०१९ पासून सुरू आहे. त्यातून ते आपल्याला लांबच्या डॉक्टरांशी जोडून देऊ शकतात, आणि रिपोर्ट, फोटोही दाखवता येतात. आशाताईंना विचारा, त्या दिवस आणि वेळ सांगतील.

२५ मार्च २०२० पासून लांबून सल्ला देण्याघेण्याचे सरकारी नियमही आहेत. सल्ला देणारा नोंदणी झालेला डॉक्टर हवा, आणि त्याचा नोंदणी क्रमांक आपण विचारू शकतो. रुग्ण कोण आहे हे डॉक्टरांना कळलं पाहिजे. रुग्णाच्या वतीने दुसऱ्या कुणी सल्ला मागितला तर रुग्णाची संमती लागते. म्हणून सासूबाईंचा असो की सुनेचा, फोटो पाठवण्याआधी त्यांना विचारा.

आणि फोटो फक्त डॉक्टरांना. गावाच्या ग्रुपवर नको, भावकीच्या ग्रुपवर तर नकोच. फिल्मवर नाव असतं. छातीच्या फोटोवर डाग दिसतो म्हणून कुणीतरी ‘टीबी’ म्हणतं, आणि सोयरीक मोडते. काम झालं की मोबाइलमधून फोटो पुसून टाका, फिल्म मात्र जपून ठेवा. घडी घालू नका, गादीखाली ठेवू नका, ओल्या हाताने धरू नका. पुढच्या वेळी डॉक्टर जुन्या-नव्याची तुलना करतात.

फोटो काय सांगू शकत नाही?

हे नीट ऐका, कारण अर्धवट माहिती घातक असते. फोटोचा फोटो हा विचारण्यासाठी आहे. तो मूळ फिल्मची बरोबरी करत नाही. अगदी बारीक तडा, फुप्फुसाभोवती साठलेली थोडीशी हवा, लहानशी गाठ त्यात निसटू शकते. स्तनाच्या एक्स-रेचा, म्हणजे मॅमोग्राफीचा, असा फोटो काढून निदान होत नाही. त्यात फारच बारीक कण शोधायचे असतात. तिथे मूळ फिल्मच घेऊन जायचं.

छातीवर डाग दिसला म्हणजे टीबी ठरत नाही, थुंकी तपासावी लागते. ही तपासणी आणि टीबीची औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत. एक्स-रे साफ दिसतो म्हणजे मोडलं नाही असंही नेहमी नसतं. म्हातारं माणूस पडलं आणि त्याला पायावर उभं राहता येईना, तर फिल्म काहीही सांगो, हाडाचे डॉक्टर तपासेपर्यंत ते मोडलेलं आहे असं समजून झोपवून ठेवा. चोळू नका, ओढू नका, हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नका.

आणि काही वेळा कॅमेरा खिशातच ठेवायचा. हाड कातडीबाहेर आलंय, बोटं थंड किंवा निळी पडली आहेत, दम लागतोय, डोक्याला मार लागून माणूस गुंगीत आहे, पडल्यावर पायातली शक्तीच गेली आहे. अशा वेळी फोटो, टेकाड, उत्तर काही नको. १०८ ला फोन करा आणि निघा.

मागच्या वेळी एका ताईंनी विचारलं होतं, “अशा फोटो काढण्यानेही अंगाला किरण लागतात का?” नाही. किरण लागतात ते फक्त एक्स-रेच्या यंत्राखाली. आपण फिल्मचा फोटो काढतो तेव्हा साधा उजेडच असतो. उलट फोटो चांगला आला, तर एक्स-रे पुन्हा काढायची वेळ कमी येते. मात्र यंत्राखाली जाण्याआधी पाळी चुकली असेल, दिवस गेले असतील किंवा नुसती शंका असेल, तर तिथल्या माणसाला आधी सांगा. लाजू नका.

पुढच्या बैठकीत एवढं करा

बचत गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली एक जुनी एक्स-रे फिल्म आणावी. बहुतेक घरांत ती निघतेच, कपाटावर नाहीतर ट्रंकेत. खिडकीला दुहेरी धोतर बांधा, दिवे बंद करा आणि प्रत्येकीने तीन-तीन फोटो काढावेत. मग एकमेकींच्या फोटोतली अक्षरं वाचून पाहा. पहिल्या खेपेला निम्म्या जणींना वाचता येणार नाहीत. दुसऱ्या खेपेला येतील. ज्या दोघींचे फोटो सगळ्यात स्वच्छ, त्यांची नावं आणि नंबर आशाताईंकडे लिहून ठेवा. रात्री-अपरात्री कुणाकडे फिल्म आली, की कुणाला हाक मारायची हे सगळ्यांना माहीत असावं.

आमच्या वाडीत आम्ही हे केलं. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीतला सहा वर्षांचा मुलगा आंब्यावरून पडला. कोपराच्या दोन फिल्म, सहा फोटो, खाली सगळी माहिती, आणि माझी जाऊ टेकाडावर मोबाइल घेऊन बसलेली. चाळीस मिनिटांत उत्तर आलं: “आजच आणा, हात आहे तसा झोळीत बांधा, सरळ करू नका.” दुपारची लाँच मिळाली. सासूबाई ओट्यावर बसून सगळं बघत होत्या. लाँच सुटल्यावर मला म्हणाल्या, “या वेळी गज नाही ना आले?”

नाही आले, आत्या.

भेटू पुढच्या गुरुवारी. नमस्कार.